४२ गेले, ६ आले नाहीत : त्या सहांची नावं दगडावर लिहा

मा. सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी यांना सप्रेम नमस्कार.

शिमग्याला गावी आलो तेव्हा या विषयावर तुमच्यातल्या दोघातिघांशी तोंडी बोललो होतो, तेव्हा "बघू", "मिटिंगला घेऊ" एवढंच ऐकायला मिळालं, आणि मुंबईला परत आल्यावर फोनवर कळलं की मिटिंग झाली, विषय निघाला आणि ठरलं पण, की जुन्या चावडीच्या भिंतीतली पाटी नवीन ऑफिसला लावायची नाही. म्हणून आता उघडच लिहितोय, चार लोकांनी वाचावं म्हणूनच लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मला कोणाची बदनामी करायची नाहीये. आणि दुसरं असं की खेड, महाड, पोलादपूरपासून वर घाटावर साताऱ्यापर्यंत अशा पाट्या असलेली गावं पुष्कळ आहेत, त्यांनाही हे आपलंच पत्र वाटलं तर बरंच आहे.

ज्यांनी ती पाटी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढऱ्या संगमरवराचा तुकडा, चावडीच्या पुढच्या भिंतीत दाराच्या उजव्या हाताला बसवलेला, अक्षरं इंग्रजी. त्यावर लिहिलंय की या गावातून ४२ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यातल्या ६ जणांनी आपले प्राण दिले. बस, एवढंच. कोण गेले, कोणाचे होते, कुठे मेले, काही नाही. लहानपणी आम्ही त्या भिंतीला टेकून एसटीची वाट बघायचो. ब्रिटिश सरकारने युद्ध संपल्यावर माणसं दिलेल्या बऱ्याच गावांत अशा पाट्या लावल्या, मजकूर सगळीकडे जवळजवळ सारखा, फक्त आकडे वेगळे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा आकडा ४६ चा, तोही नुसत्या मेलेल्यांचा, म्हणून तर त्या गावाला आजही सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

त्या सहातले एक आमच्या घरचे. माझ्या पणजोबांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांचं नाव मी या पत्रात लिहीत नाही, कारण एकट्या त्यांचं नाव पुढे केलं की लगेच बोलतील याला आपल्या घराण्याची पाटी लावून घ्यायचीय, आणि मला सहाही नावं एकत्र, एकाच दगडावर पाहिजेत. ते १०३ मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, भरती झाले तेव्हा विशीसुद्धा ओलांडली नव्हती. का गेले ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जमीन खोताची, पिकलेल्या भातातला अर्धा वाटा खोताच्या घरी पोचवायचा, उरलेल्यात नऊ तोंडं, वर वरकस जमिनीत नाचणी होईल ती. पलटणीत शिपायाला तेव्हा महिन्याला ११ रुपये पगार होता. त्या ११ रुपयांतून मनीऑर्डर यायची आणि त्यातून खोताची मागची बाकी फिटली, पणजोबा शाळेत जाऊ शकले, पुढे गिरणीत लागले, आणि म्हणून मी आज डोंबिवलीत बसून हे टाइप करतोय. हे मी उगाच भावनेत बोलत नाहीये, सरळ हिशोब आहे हा.

पलटण गेली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तेव्हा तिथे तुर्कांचं राज्य होतं. आमच्या घरात सगळे "बसऱ्याला गेला" असंच म्हणायचे. ज्या डिव्हिजनमध्ये ते होते तिचं नावच सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, म्हणजे कोकणातली आणि घाटावरची आपली पोरं त्या वाळूत हजारोंनी होती. १९१४ च्या नोव्हेंबरात डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या फाओला उतरल्या, बसरा पडलं, मग नदीनदीने वर वर सरकत सप्टेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा घेतलं, आणि तिथे थांबायचं सोडून वरच्यांना बगदाद दिसायला लागलं. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांनी अडवलं, प्रचंड माणूस पडला, आणि उरलेले ३ डिसेंबरला परत कुतमध्ये आले ते तिथेच अडकले. टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं छोटं गाव, तीन बाजूंनी पाणी आणि सगळीकडून तुर्क. १४७ दिवस वेढा चालला. २४ डिसेंबरला किल्ल्यावर तुर्क आत घुसले तेव्हा हातबाँब फेकून त्यांना बाहेर काढणाऱ्यांत १०३ मराठाचे लोक होते.

त्या वेढ्यातली एक गोष्ट वाचली आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुतमध्ये धान्य होतं, पण दळायला जाती पुरेनात, म्हणून वरून विमानातून जात्याचे दगड टाकले. ज्या पोरांच्या घरी पहाटे आईच्या जात्याच्या आवाजाने जाग यायची त्यांच्यासाठी आकाशातून जात्याचा दगड पडला, आणि तोही कशासाठी, तर बार्लीचं पीठ अजून थोडे दिवस पुरावं म्हणून. पुढे पुढे घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या लोकांनी घोड्याचं मांस किती दिवस तोंडात घातलं नाही, वरून धर्माच्या परवानग्या मागवून झाल्या तरी नाही, शेवटी शेवटी बऱ्याच जणांनी नाइलाजाने खाल्लं. ताजी भाजी नाही, मांस नाही, हिरड्या सुजून स्कर्व्हीने माणसं गेली. बाहेरून सोडवायला आलेल्या सैन्याने जानेवारीपासून एप्रिलपर्यंत धडका मारल्या आणि त्यांचेच वीस हजारांच्या वर लोक मेले नाहीतर जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंडने शरणागती दिली, १३ हजारांच्या आसपास माणूस कैद झाला, त्यातले बहुतेक हिंदी. शिपायांना उपाशीपोटी चालवत नेलं रेल्वेच्या कामावर, कितीजण वाटेतच पडले, आणि जनरलसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला.

आमचे हे थोरले पणजोबा शरणागतीच्या आधीच गेले होते. गोळीने की भुकेने की स्कर्व्हीने ते रेकॉर्डमध्ये लिहिलेलं नाही, फक्त एप्रिल १९१६ मधली एक तारीख आहे.

घरी ती तारीख कधीच कळली नव्हती. तार आली ती पण फार उशिरा आली असं आजी सांगायची. त्यांची बायको, जिला घरात सगळे थोरली काकी म्हणायचे, लग्न झालं तेव्हा शेंबडी पोर होती आणि नवऱ्याबरोबर ती किती राहिली असेल ते हाताच्या बोटांवर मोजावं. ती १९६० च्या पुढे जगली. पेन्शनचा अंगठा द्यायला पोस्टापर्यंत चालत जायची, पाऊस असला की डोक्यावर इरलं घेऊन. तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला वाढायचे, ज्यांची तिथी माहीत नसते त्या सगळ्यांच्या बरोबर. नंतर सरकारकडून एक ब्राँझचा जाड गोल आला, साधारण बशीएवढा, त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई, शेजारी सिंह, आणि एका चौकटीत त्यांचं नाव, इंग्रजीत, उठावाच्या अक्षरांत. ती ब्रिटानिया. ब्रिटिश साम्राज्यात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी तो गोल पाठवला होता. काकीला कुठे इंग्रजी येत होतं, तिने सिंह आणि त्रिशूळ बघितला, देवी म्हणून देव्हाऱ्यात ठेवला आणि मरेपर्यंत हळदकुंकू वाहिलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर कुंकवाचा थर अजून आहे, आम्ही घासला नाही आणि घासणार पण नाही.

आता माझं गाऱ्हाणं काय ते एकेक करून सांगतो, आणि शांतपणे सांगतो.

पहिलं, पाटी ज्या पद्धतीने काढली ते. चावडी पाडायला माझा विरोध नव्हता आणि नाही, छप्पर गळत होतं, भिंत फुगली होती, नवीन ऑफिस हवंच होतं. पण पाडायच्या आधी ती पाटी सोडवून बाजूला ठेवायला एक गवंडी आणि एक सकाळ पुरली असती. जेसीबी लावलात, खालचा कोपरा तुटला, आणि मी बघितली तेव्हा ती शाळेच्या मागे मुतारीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती, वर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. तुटलेला तुकडा ज्याने जपून घरी नेऊन ठेवला तो दहावीतला मुलगा आहे, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचे आभार मी इथे सगळ्यांसमोर मानतो.

दुसरं, मिटिंगमध्ये जे कारण दिलं गेलं ते. "ती इंग्रजांची पाटी, इंग्रज गेले, आता ती कशाला, ते लोक इंग्रजांसाठी लढले." हे बोलणारे सदस्य माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत, मान ठेवून बोलतो, पण दादा, हे चूक आहे. पाटी इंग्रजांनी लावली, पण माणसं इंग्रजांची नव्हती, आपल्या वाडीतली होती. १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरती करा म्हणून सांगत होते, टिळकांनीही आपल्या अटी घालून का होईना भरतीला पाठिंबा दिला होता. एवढे मोठे लोक ज्या प्रश्नात अडकले होते त्याचा जाब तुम्ही कर्जापायी पलटणीत गेलेल्या एकोणीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराकडे मागताय? त्याला कोणी विचारून लढाई ठरवली नव्हती. आणि ते पैसे या गावात आले. ४२ घरांत मनीऑर्डरी आल्या, त्यातून बैल घेतले, लग्नं झाली, खोताची देणी फिटली. गावाने ते खाल्लंय, मग आज "ते इंग्रजांचे" कसे होतात?

अजून एक, हे थोडं बाजूचं आहे पण बोलायलाच हवं. त्या ४२ मध्ये बौद्धवाडीतले लोक पण आहेत. महारांची भरती इंग्रजांनी कितीतरी वर्षं बंद ठेवली होती, युद्धात माणूस कमी पडायला लागला तेव्हा परत घेतले, १९१७ ला १११ महार नावाची पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ ला मोडून पण टाकली. आपल्या गावात सगळ्या वाड्यांना एकत्र मोजणारी ती एकच पाटी आहे, दुसरी कुठलीही मला दाखवा. ती काढताना बौद्धवाडीतल्या एकाला तरी विचारलंत का?

तिसरं गाऱ्हाणं सगळ्यात मोठं. मला सांगितलं गेलं की "नावं कोणाला माहीत आहेत आता, शंभर वर्षं झाली, नुसता आकडा लावून काय करायचं". नावं आहेत. कुठेही गेलेली नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून संस्था आहे, दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मेलेल्या सैनिकांच्या नोंदी त्यांच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. आपल्या शिपायांच्या नोंदीत बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं असतं. फक्त स्पेलिंगं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलीत, आपल्या गावाचंच नाव दोन नोंदींत दोन तऱ्हेचं आहे, त्यामुळे धीराने शोधावं लागतं. मी शोधलं, आणि सहातले चार मिळाले. चौघांचीही नावं, बापाची नावं, पलटण, नंबर, मृत्यूची तारीख. दोन आपल्या वाडीतले, एक खालच्या वाडीतला, एकाच्या आडनावाचं घर आता गावात नाही, ते लोक बहुतेक मुंबईला गेले ते गेलेच. आमच्या थोरल्या पणजोबांची तारीख मिळाल्यावर गुरुजींनी जुन्या पंचांगावरून तिथी काढून दिली आणि आता त्यांचं पान त्यांच्या तिथीला वाढतो.

आणि हे वाचून तुम्हालाही वाईट वाटेल म्हणून सांगतो, हे चौघंही बसऱ्याच्या स्मारकावर आहेत असं नोंद म्हणते, म्हणजे ज्यांची कबर नाही, चिता कुठे पेटली माहीत नाही अशांचं ते स्मारक. ४० हजारांच्या वर माणसांचं आहे. पण त्या दगडावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं आहे, आणि आपल्या साध्या शिपायाचं नाव कोरलेलंच नाही, पलटणीच्या नावाखाली अमुक इतके हिंदी शिपाई असा आकडा टाकलाय, नावं वहीत. त्यात १९९७ ला सद्दामच्या हुकमाने ते अख्खं स्मारक मूळ जागेवरून उचलून बसऱ्यापासून ३०-३२ किलोमीटर लांब नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं, आपल्याला तिथे जाऊन फूल वाहणं आता कुठे जमणार. एप्रिल २०२१ मध्ये त्या कमिशनने स्वतः चौकशी करून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांना, ज्यांत हिंदी आणि आफ्रिकी जास्त, गोऱ्यांच्या बरोबरीने वागवलं नाही, आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून माफी मागितली. म्हणजे ज्यांनी केलं त्यांना शंभर वर्षांनी का होईना लाज वाटली. तिकडे बसऱ्याला आकडा, इकडे गावात आकडा, आणि आता आपण तो आकडासुद्धा मुतारीमागे टाकला.

दिल्लीकडे बोट दाखवू नका. इंडिया गेटवर १३ हजारांच्या वर नावं आहेत, पहिल्या युद्धात मेलेले आपले सैनिक ७० हजारांच्या वर. नवीन राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं, चांगलंच झालं, पण ते स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं आहे. या सहा जणांना घेणारी जागा देशात दुसरी कुठली नाही, गावच आहे.

चौथं. २०२३ ला केंद्र सरकारच्या "मेरी माटी मेरा देश" अभियानात ग्रामपंचायतीने शिलाफलक बसवला, गावासाठी प्राण देणाऱ्या वीरांची नावं त्यावर टाकायची होती. आपल्या फलकावर नावांची जागा आजही मोकळी आहे. चावडीच्या भिंतीवर "सहा जणांनी प्राण दिले" असं कोरलेलं असताना तिथून पन्नास पावलांवर मोकळा फलक उभा राहतो, हे कसं काय कोणाच्या लक्षात आलं नाही?

मुंबई मंडळाला एवढंच विचारायचंय की गावाच्या वेशीवरच्या कमानीसाठी वर्गणी काढलीत, मी पण दिली, आणि देणगीदारांची यादी ग्रॅनाइटवर लागणार आहे हेही कळलं. लागू दे, माझा आक्षेप नाही. पण ५ हजार दिलेल्याचं नाव जर ग्रॅनाइटवर लागू शकतं तर जीव दिलेल्याचं का नाही?

आपल्याच शेजारचं उदाहरण देतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, तेही मराठा लाइट इन्फंट्रीचेच, १० जुलै १९४४ ला इटलीत बावीसाव्या वर्षी पडले. सोबतची सगळी तुकडी मेली नाहीतर जखमी, हे एकटे मशीनगनवर धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून तिने हाणलं, आणि ठाणं घेतल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळीने गेले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक त्यांच्या पत्नीच्या हाती दिलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ ला इटलीतल्या मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या देशातलं एक छोटं गाव ऐंशी वर्षांनी कोकणातल्या पोराचं नाव दगडावर लिहितं. आपल्या सहा जणांना क्रॉस मिळाला नाही म्हणून काय झालं, नाव तर त्यांनाही होतं ना.

मागण्या साध्या आहेत, भारी काही नाही.

जुनी पाटी, तुटलेल्या कोपऱ्यासकट, जोडून नवीन ऑफिसच्या पुढच्या भिंतीत बसवा. पॉलिश करू नका, बदलू नका, आहे तशी. आत कपाटामागे किंवा जिन्याखाली चालणार नाही.

तिच्या खाली मराठीत दुसरा दगड. सहा जणांची नावं, बापाचं नाव, वाडी, पलटण, तारीख. चार नावं पुराव्यासकट मी देतो. उरलेल्या दोघांसाठी जागा ठेवा, आणि ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र पाठवा. माझ्यासारख्या एकट्याच्या अर्जाला कोण विचारतो, ग्रामपंचायतीच्या पत्राचं वजन वेगळं असतं. त्या दोन नावांच्या आशेवर चार नावं मात्र अडवून ठेवू नका.

जे ३६ परत आले त्यांचीही यादी करा. त्यांच्यासाठी वॉर ग्रेव्हजची साइट उपयोगाची नाही, पण घराघरात पेट्या आहेत. ज्यांच्याकडे जुनं मेडल असेल त्यांनी त्याची कड उजेडात धरून बघा, कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मोडीत देऊ नका. आधीच किती मेडलं सोनाराकडे गेली असतील देव जाणे.

आणि चौथी मागणी जिल्हा परिषदेला, पत्राची प्रत त्यांनाही पाठवतोय. जिल्ह्यात जिथे जिथे जुन्या चावड्या, शाळा, धर्मशाळा पाडायच्या यादीत आहेत तिथे आधी अशी पाटी आहे का ते बघा, फोटो काढा, यादी करा आणि पाटी सुरक्षित काढल्याशिवाय पाडकामाचं बिल पास करू नका. पंजाबातल्या तीन लाखांच्या वर सैनिकांची रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती, ती आता टप्प्याटप्प्याने डिजिटल करून लोकांसाठी उघडी करतायत, तिथली नातवंडं पणजोबांचं नाव टाकून शोधतात. आपल्याकडे निदान पाट्यांची यादी तरी होऊ दे.

खर्चाचं म्हणाल तर दगड, कोरणावळ, गवंड्याची मजुरी, सगळं आम्ही घरचे लोक देतो, दुसऱ्या दोन घरांशी बोलणं पण झालंय. ग्रामपंचायतीचा एक रुपया नको. मंत्री नको, मंडप नको, हारतुरे नकोत, कोणाला शहीदाचा दर्जा द्या असंही म्हणत नाही. फक्त परवानगी आणि भिंत द्या.

मासिक मिटिंगमध्ये पाचसहा जणांनी ठरवलेलं मला मान्य नाही. हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत अजेंड्यावर लेखी घ्या आणि सगळ्या वाड्यांसमोर चर्चा होऊ द्या. मी १४ तारखेच्या रात्रीच्या गाडीने येतोय. चारही नोंदींच्या झेरॉक्स प्रत्येक सदस्याला पुरतील एवढ्या काढल्या आहेत आणि ठरावाचा मसुदा पण लिहून ठेवलाय, त्यात काही बदल हवा असेल तर त्याच्या आधी फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेच. तोपर्यंत एवढं करा, पाटी मुतारीमागून उचलून शाळेच्या ऑफिसात ठेवा, मुख्याध्यापकांशी मी बोललोय, ते हो म्हणालेत.

आपला,
गावचाच एक, सध्या राहणार डोंबिवली